पहिला डेमो आणि पहिली डेमोपार्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खूप जणांना डेमो बघून वाटतं की आपणही एक करावा, आणि मग तेच तेच आठ-दहा प्रश्न डोक्यात घेऊन ते तिथेच अडून बसतात. मीही बसले होते, चांगली दोन वर्षं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. क्रम काटेकोर नाहीये, हवं ते आधी वाचा. फक्त एक गोष्ट सगळीकडे परत परत येईल ती आत्ताच सांगते: डेमो अंधाऱ्या हॉलमध्ये, मोठ्या पडद्यावर, लोकांसमोर लागतो, आणि बऱ्याच जणांसाठी ते एकदाच बघणं असतं. त्यामुळे काहीही ठरवताना शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला काय दिसेल, काय ऐकू येईल, ते आधी बघायचं.

डेमो म्हणजे नक्की काय? व्हिडिओ रेंडर करून दिला तर नाही का चालत?

डेमो हा प्रोग्राम असतो. चालू केला की संगीत सुरू होतं, पडद्यावर चित्रं हलायला लागतात आणि काही मिनिटांनी आपलं आपण संपतं, बघणाऱ्याने काही दाबायचं नसतं की खेळायचं नसतं. दिसायला व्हिडिओसारखंच, पण प्रत्येक फ्रेम मशीन त्याच क्षणी काढत असतं. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमसाठी तुमच्याकडे साधारण १६.७ मिलिसेकंद असतात, तेवढ्यात जे जमेल ते. सगळी गंमत त्यातच आहे. रेंडर केलेल्या व्हिडिओसाठी बहुतेक ठिकाणी ॲनिमेशन किंवा वाइल्ड (कशातच न बसणाऱ्या कामांसाठी) अशी वेगळी कॉम्पो, म्हणजे स्पर्धा, असते, तिथे खुशाल द्या, पण डेमो कॉम्पोत नाही.

याचं मूळ १९८० च्या दशकातलं. कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवरच्या गेमचं कॉपी प्रोटेक्शन फोडणारे ग्रुप गेमच्या आधी स्वतःचं नाव झळकवणारा छोटा इंट्रो लावायचे, त्यात सरकती अक्षरं, रंगाचे पट्टे, धून, आणि हळूहळू त्या इंट्रोंमध्येच इतकी चढाओढ लागली की गेम बाजूला राहिला आणि लोक नुसते इंट्रो बनवायला लागले. मग अमिगा आला, मग पीसी. १९९३ च्या असेंब्ली या डेमोपार्टीत फ्यूचर क्रू या फिनिश ग्रुपचा 'सेकंड रिॲलिटी' पहिला आला आणि पीसीवर असंही काही होऊ शकतं हे लोकांना पटलं. आता तर फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनला, म्हणजे डेमो करणाऱ्यांच्या या सगळ्या जगाला, आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली आहे. घरच्यांनी 'हे काय करत बसतेस' असं विचारलं की मी हेच सांगते.

पार्टी म्हणजे तिथे नेमकं काय चालतं?

मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, त्यावर लोकांचे कॉम्प्युटर, एका टोकाला प्रचंड पडदा आणि तितकेच मोठे स्पीकर. दिवसा लोक कोड लिहीत बसतात, एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावतात, कोणी झोपलेलं असतं, आणि संध्याकाळ झाली की कॉम्पो सुरू होतात. त्या वेगवेगळ्या असतात: डेमो, ६४के आणि ४के (फाइलच्या आकाराला मर्यादा असलेले, पुढे सांगते), जुन्या मशीनचे डेमो, संगीत, ग्राफिक्स. एकेक एन्ट्री पडद्यावर लागते, आलेले लोकच मतं देतात, शेवटच्या दिवशी निकाल.

नावं माहीत असावीत म्हणून सांगते: जर्मनीत सारब्रुकेनला ईस्टरच्या सुट्टीत होणारी रिव्हिजन, २०११ पासून, या क्षेत्रातली सगळ्यात मोठी मानली जाते. असेंब्ली फिनलंडमध्ये १९९२ पासून. कोलोनला इव्होक. आणि लव्हबाइट ही अगदी छोट्या आकाराच्या प्रोग्रामसाठीची पार्टी पूर्ण ऑनलाइन असते, २०२१ पासून. पण पहिल्यांदा जाताना मोठी पार्टीच हवी असं काही नाही. पन्नास-साठ माणसांच्या पार्टीत सगळे तुमच्याशी येऊन बोलतात आणि काही अडलं तर ऑर्गनायझर शेजारी बसून सोडवून देतो. माझं मत विचाराल तर पहिली पार्टी लहानच बरी.

मला कोडिंग जेमतेम येतं आणि गणिताची भीती वाटते. जमेल का?

जमेल. खरंच जमेल. पहिल्या डेमोला लागणारं गणित म्हणजे साइन, कोसाइन, दोन बिंदूंमधलं अंतर, आणि दोन किमतींमध्ये मधली किंमत काढणं. एवढ्यावर प्लाझ्मा (रंगांच्या वाहत्या लाटा) होतो, बोगदा होतो, फिरणारं चित्र होतं. बोगदा तर अगदीच साधा आहे: पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचं मधल्या बिंदूपासूनचं अंतर आणि कोन काढायचा, एक भागिले ते अंतर ही झाली बोगद्यातली खोली, कोन ही झाली भिंतीवरची जागा, आणि खोलीत वेळ मिळवत गेलं की आपण आत आत जायला लागतो. पहिल्यांदा हे चाललं तेव्हा मी अर्धा तास नुसती बघत बसले होते.

टूल म्हणाल तर टिक-८० नावाचा एक छोटा काल्पनिक कन्सोल आहे, २४० बाय १३६ पिक्सेल आणि १६ रंग, त्यात एडिटर, चित्रं, आवाज सगळं एकाच जागी मिळतं, सुरुवातीला मस्त. शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम, शिकायचे तर शेडरटॉय ही साइट, ब्राउझरमध्येच लिहा आणि बघा. कोडपेक्षा डबे जोडत काम करायला आवडत असेल तर टूल-३ किंवा केबल्स. यातलं काहीही वापरून बनवलेला डेमो हा डेमोच असतो, फक्त कॉम्पोच्या नियमात बसतंय ना तेवढं बघून घ्या.

४के, ६४के, २५६ बाइट की साधा डेमो? कशापासून सुरू करू?

आकाराची मर्यादा असलेल्या प्रकारांना इंट्रो म्हणतात. ६४के म्हणजे ६५,५३६ बाइटची एकच फाइल, ज्यात कोड, संगीत, चित्रं सगळं आलं. ४के म्हणजे ४,०९६ बाइट. फारबराउश या ग्रुपचा 'द प्रॉडक्ट' २००० साली 'द पार्टी' नावाच्या डेमोपार्टीत लागला, ६४के मध्ये सुमारे अकरा मिनिटांचा शो. २००९ मध्ये ब्रेकपॉइंट या पार्टीला 'एलिव्हेटेड' आला, ४,०९६ बाइटमध्ये बर्फाळ डोंगर, तळं, कॅमेरा आणि संगीतसुद्धा. हे बघून सगळ्यांना ६४के करावंसं वाटतं आणि मी सगळ्यांना तेच सांगते की पहिल्यांदा नको. कारण त्या प्रकारात संगीताची रेकॉर्ड केलेली फाइल मावत नाही, म्हणजे सिंथेसायझर कोडमध्ये हवा, टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) कोडने बनवायची, वर फाइल दाबून लहान करणारा पॅकर चालवायचा, आणि हे सगळं शिकता शिकता डेमो राहूनच जातो. आधी कळस मग पाया असा प्रकार होतो.

दोन रस्ते चांगले आहेत. एक, आकाराची मर्यादा नसलेला साधा डेमो, संगीताची फाइल सरळ सोबत जोडून. दुसरा, अगदी छोटा, म्हणजे २५६ बाइट किंवा टिक-८० वरची छोटी कॉम्पो, जिथे एकच इफेक्ट पुरतो आणि एका वीकएंडला काम होतं. मधलं काही पहिल्या वेळी धरू नका. ४के चं वेड अगदीच स्वस्थ बसू देत नसेल तर एकाच शेडरवर चालणारा करा, संगीतासाठी ४क्लँग किंवा सोइंटू, आणि लिंक करायला क्रिंकलर, ही तयार साधनं लोक वर्षानुवर्षं वापरतायत.

एकटीने करू की ग्रुप लागतो?

एकट्याने केलेले डेमो पुष्कळ आहेत. पण संगीत येत नसेल तर संगीतकार शोधा, हे मात्र मनापासून सांगते. कोडर, संगीतकार आणि ग्राफिक्स करणारा हा जुना त्रिकोण आहे आणि त्यातला संगीतकार सगळ्यात आधी सापडायला हवा. विचारायला लाजू नका, 'दोन मिनिटं, १२५ बीपीएम, शेवटी एकदम शांत' एवढं स्पष्ट सांगितलं (बीपीएम म्हणजे मिनिटाला किती बीट) तर लोक आनंदाने देतात, 'काहीतरी भारी दे' म्हटलं तर कोणीच देत नाही.

नाव स्वतःचं न वापरता हँडल घ्यायची पद्धत आहे. ते पडद्यावर दिसणार आणि पुढे सगळे त्याच नावाने हाक मारणार, तर उच्चारता येईल असं घ्या.

संगीत आधी की चित्रं आधी?

संगीत आधी. यावर मी हटून आहे.

कारण सांगते. माझा पहिला प्रयत्न उलटा होता, सात इफेक्ट तयार होते, प्रत्येक वेगळा सुंदर, आणि शेवटच्या आठवड्यात त्याखाली एक गाणं ठेवलं. काहीच कशाला चिकटत नव्हतं. ढोल पडतोय तेव्हा पडद्यावर काही होत नाहीये आणि पडद्यावर स्फोट होतोय तेव्हा गाणं श्वास घेतंय. तो डेमो मी दिलाच नाही. पुढच्या वेळी आधी गाणं घेतलं, दोनशे वेळा तरी ऐकलं असेल, कागदावर त्याचे भाग मांडले आणि प्रत्येक भागासमोर फक्त एक शब्द लिहिला: पाणी, पडणं, गर्दी, उजेड. इफेक्ट नंतर आले, आणि सातातले तीनच लागले.

चित्रांचं संगीताशी सिंक नेमकं कसं करायचं? सेकंद मोजत बसू का?

सेकंदांपेक्षा बीटमध्ये विचार करा. समजा गाणं १२५ बीपीएमचं आहे. ६० भागिले १२५, म्हणजे एक बीट ०.४८ सेकंदाची. ट्रॅकर या ओळीओळींनी संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा एका बीटच्या चार ओळी असतात, म्हणजे एक ओळ ०.१२ सेकंद, आणि ६४ ओळींचा एक पॅटर्न ७.६८ सेकंदांचा. असे वीस पॅटर्न झाले की १५३.६ सेकंद, अडीच मिनिटांच्या थोडं वर, झाला तुमचा डेमो. आता कोडमध्ये सगळीकडे 'सेकंद ४६.०८' असं लिहिण्याऐवजी 'पॅटर्न ६' लिहिता येतं आणि गाण्याचा वेग बदलला तरी काही मोडत नाही.

ढोलावर उजेड चमकवायचा असेल तर शेवटच्या बीटपासून किती वेळ गेला ते घ्या, त्याला उणे सहाने गुणा आणि एक्सपोनेन्शियलमध्ये टाका. बीटच्या क्षणी किंमत १, पुढची बीट येईपर्यंत साधारण ०.०६. म्हणजे झटकन पेटतं आणि मऊ विझतं. हे एवढंसं आहे पण हॉलमध्ये लोकांची मान याच्यावर हलते. मात्र प्रत्येक बीटवर सगळं चमकवू नका, दुसऱ्या मिनिटाला डोळे दुखायला लागतात. आणि संपूर्ण पडद्याची जोरजोरात उघडझाप तर टाळाच, काहींना त्याने खरोखर त्रास होतो.

वेळ कुठून घ्यायची हाही प्रश्न नेहमी येतो. फ्रेम मोजून कधीच नाही, दुसऱ्या मशीनवर फ्रेम कमी-जास्त झाल्या की सगळं घसरतं. ऑडिओ लायब्ररीला विचारा की गाणं आत्ता कुठे आहे. पण त्यात एक खोच आहे: ती जागा बऱ्याचदा बफरच्या टप्प्याने पुढे सरकते, २०४८ सॅम्पलचा बफर आणि ४४,१०० हर्ट्झ म्हटलं की ४६ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ तीन फ्रेम घड्याळ जागेवरच उभं आणि मग उडी. कॅमेरा अडखळत चाललाय असं वाटतं आणि माणूस शेडरमध्ये चूक शोधत बसतो. उपाय असा की पडद्यावरच्या हालचालीला चांगल्या रिझोल्यूशनचं सिस्टीमचं घड्याळ वापरायचं आणि ऑडिओच्या जागेशी त्याला सावकाश जुळवत राहायचं.

कॅमेरा, रंग, धुकं अशा पन्नास किमती कोडमध्ये हाताने लिहायचा कंटाळा येणारच, त्यासाठी रॉकेट नावाचं फुकट टूल आहे. ट्रॅकरसारख्या उभ्या रकान्यांमध्ये ओळीसमोर किंमत टाकायची, डेमो चालू असतानाच बदल दिसतो. मला ते जोडायला एक संध्याकाळ लागली आणि त्यानंतरचे दोन महिने सोपे गेले.

डेमो किती लांब असावा?

पहिला असेल तर दोन ते तीन मिनिटं. नमनाला घडाभर तेल नको, नावं आणि लोगोमध्ये पहिली चाळीस सेकंदं गेली तर मागच्या रांगेतला माणूस गप्पा मारायला लागतो. जास्तीत जास्त किती चालतं ते त्या कॉम्पोच्या नियमात लिहिलेलं असतं.

ग्रीटिंग्ज मात्र ठेवा. ज्या ग्रुपांचं काम बघून तुम्ही इथवर आलात त्यांची नावं पडद्यावर दाखवायची ही जुनी रीत आहे आणि हॉलमध्ये बसलेल्या कोणाचं तरी नाव आलं की तिथून एक आरोळी येते. ती आरोळी ऐकायला फार छान वाटतं.

माझ्या मशीनवर मस्त चालतं, मित्राच्या मशीनवर काळा पडदा. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं कारण, ग्राफिक्स कार्डचे ड्रायव्हर. एक कंपनी शेडरमधल्या बारीक चुका पोटात घालते, दुसरी तिथेच कंपाइल करायला नकार देते. दशांश हवा तिथे पूर्णांक लिहिला, व्हेरिएबलला सुरुवातीची किंमतच दिली नाही, असल्या गोष्टी. किंमत न दिलेलं व्हेरिएबल तुमच्याकडे नेहमी शून्य निघतं म्हणून तुम्हाला कळतच नाही, दुसरीकडे त्यात कचरा असतो. शेडर कंपाइल झाल्यावरचा एरर लॉग फाइलमध्ये लिहायची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.

दुसरं, ऋण संख्येचा घात. शेडरमध्ये पॉव या फंक्शनला ऋण संख्या दिली तर उत्तर काय येईल याची काहीच हमी नसते. माझ्या डेमोत पाण्यावरच्या चकाकीसाठी तेच वापरलं होतं, पृष्ठभाग उजेडापासून वळला की आतली संख्या ऋण व्हायची. माझ्या कार्डवर तिथे नुसता काळा ठिपका, तोही एका पिक्सेलचा, मला कधी दिसलाच नाही. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तोच ठिपका ब्लूमच्या (उजळ भागांभोवती प्रभा पसरवणाऱ्या इफेक्टच्या) ब्लरमधून गेला, आणि अशी बिघडलेली किंमत ब्लरमध्ये गेली की शेजारच्या सगळ्या पिक्सेलना नासवते, मग पडद्यावर काळे चौकोन उमटायला लागले, प्रत्येक लाटेबरोबर नवीन. तीन रात्री मी ब्लरचा कोड तपासत होते आणि चूक होती ती पाण्यात. घात करण्याआधी संख्या शून्याच्या खाली जाऊ दिली नाही, बस, एका शब्दाची दुरुस्ती. तसंच शून्य लांबीच्या व्हेक्टरला नॉर्मलाइझ करू नका आणि भागाकाराखाली शून्य येतंय का ते बघा.

तिसरं, विंडोज. ग्राफिक्स कार्ड एकाच कामात दोन सेकंदांहून जास्त अडकलं तर विंडोज आपण होऊन ड्रायव्हर रीसेट करतं, आणि तुमचा डेमो तिथेच संपतो. रे-मार्चिंगचा (प्रत्येक पिक्सेलमधून किरण टप्प्याटप्प्याने पुढे नेत चित्र काढणारा) जड शेडर हळू मशीनवर नेला की हे होतं.

चौथं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात वाईट वेळी अंगाशी येणारं: माझी बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार केलेला प्रोग्राम, डीबग मोडमध्ये (चुका शोधण्यासाठीच्या) राहिली होती. डीबग बिल्डला लागणाऱ्या डीएलएल फाइली फक्त प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर टाकलेल्या मशीनवरच असतात, पार्टीच्या मशीनवर त्या नव्हत्या. कॉम्पोच्या आदल्या रात्री ऑर्गनायझर माझं हँडल पुकारत टेबलांमधून फिरत होता आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नशिबाने लॅपटॉप सोबत होता, रिलीज मोडमध्ये, रनटाइम स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लागणारं सगळं प्रोग्राममध्येच जोडून, परत बिल्ड केली, पेन ड्राइव्हवर नेऊन दिली, त्याने माझ्यासमोर चालवून बघितली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्या माणसाने एकदाही आवाज चढवला नाही हे मी विसरणार नाही.

थोडक्यात काय, कमीत कमी दोन परक्या मशीनवर, जिथे तुमचं काहीच इन्स्टॉल नाहीये, वेगळ्या फोल्डरमधून चालवून बघा. वेगळा फोल्डर यासाठी की कोडमध्ये तुमच्या ड्राइव्हचा पूर्ण पत्ता राहिला असेल तर तिथे लगेच कळतं.

मोठ्या पडद्यासाठी वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि हे घरी बसून लक्षात येत नाही. प्रोजेक्टरवर काळा रंग खरा काळा नसतो, करडा असतो, हॉलमध्ये शंभर मॉनिटर चालू असतात, दारातून उजेड येतो, त्यामुळे तुमच्या मॉनिटरवर जे गूढ आणि अंधुक सुंदर दिसतं ते तिथे नुसतं करडं दिसतं. मी आता मॉनिटरचा ब्राइटनेस पार खाली आणते, खोलीतला दिवा लावते आणि तसा डेमो बघते. त्यात जे दिसत नाही ते हॉलमध्ये दिसणार नाही.

अक्षरांसाठी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाचून बघा. आणि कुठलंही वाक्य पडद्यावर किमान दोनदा सावकाश वाचता येईल इतका वेळ ठेवा, तुम्हाला ते पाठ असतं, समोरच्याने पहिल्यांदा पाहिलेलं असतं. अक्षरं पडद्याच्या अगदी खालच्या कडेला नको, पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी मध्ये येतात.

आवाजाचं एकच: मोठ्या स्पीकरवर बास खूप फुगतो. हेडफोनवर केलेलं मिक्सिंग एकदा तरी दुसऱ्या कुठल्या मोठ्या स्पीकरवर ऐका.

एन्ट्री देताना पॅकेजमध्ये काय काय लागतं?

एक झिप फाइल, आत चालणारा प्रोग्राम, लागणाऱ्या फाइली आणि एक साधी टेक्स्ट फाइल, जिच्यात डेमोचं नाव, ग्रुप, कोणी काय केलं, कुठल्या मशीनवर तपासलं आणि काही अडलं तर तुम्हाला गाठायचं कसं हे लिहा. एस्केप दाबल्यावर डेमो बंद झालाच पाहिजे, ही अट जवळपास सगळीकडे असते. शेडर कंपाइल व्हायला वेळ लागत असेल तर लोडिंगची पट्टी दाखवा, नाहीतर पडदा काळा आणि ऑर्गनायझरला वाटतं अडकलं. सोबत रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असू द्या, कुठे काय दिसायला हवं हे त्यावरून त्यांना पडताळता येतं.

कॉम्पोचं मशीन कोणतं, ग्राफिक्स कार्ड कोणतं हे पार्टीच्या आधी जाहीर होतं, ते वाचा. डेडलाइन म्हणजे शेवटचा क्षण नाही असं धरून चला, एक दिवस आधी काहीतरी चालणारी आवृत्ती देऊन टाका, नंतर सुधारून बदलता येते.

अँटीव्हायरस माझा ४के उडवून टाकतोय, मी काहीच वाईट केलेलं नाही!

पॅकर वापरलेली छोटी फाइल बघून अँटीव्हायरसला संशय येतो, कारण व्हायरसही अशाच पद्धतीने गुंडाळलेले असतात. हे सगळ्यांचंच होतं. ऑर्गनायझरना माहीत असतं. शक्य असेल तर पॅक न केलेली आवृत्तीही झिपमध्ये ठेवा, फक्त कॉम्पोसाठी कुठली चालवायची ते टेक्स्ट फाइलमध्ये ठळक लिहा.

दुसऱ्याचा कोड, तयार इंजिन, एआय हे वापरलेलं चालतं का?

इंजिन बहुतेक ठिकाणी चालतं. दुसऱ्याचा कोड असेल तर लायसन्स बघा, शेडरटॉयवर लेखकाने वेगळं काही लिहिलं नसेल तर तिथलं नेहमीचं लायसन्स नाव देणं मागतं, व्यावसायिक वापर नको म्हणतं आणि त्यावर आधारलेलं काम त्याच अटींवर खुलं करायला सांगतं. एआयबद्दल पार्टीगणिक नियम वेगळे आहेत, ज्या पार्टीला देताय तिचे वाचा, आणि वापरलं असेल तर सांगून टाका. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की कोणी हॉलमध्ये येऊन विचारलं 'हा भाग कसा केलास' तर मला स्वतःला उत्तर देता आलं पाहिजे.

प्रवास जमत नाहीये, लांबून एन्ट्री देता येते का?

पुष्कळ पार्ट्या रिमोट एन्ट्री घेतात, काही ठरावीक कॉम्पोमध्ये घेत नाहीत. आधी विचारा. कॉम्पो लाइव्ह स्ट्रीमवर दिसतात, त्यामुळे स्वतःचा डेमो लागताना घरून बघता येतो. तरी एकदा तरी जाऊन बघावं असं मला वाटतं.

स्वतःचा डेमो लागतो तेव्हा काय होतं? स्टेजवर बोलावं लागतं का?

नाही, बोलावं लागत नाही. आधी एक स्लाइड येते, त्यावर एन्ट्रीचा नंबर, डेमोचं नाव, ग्रुप, आणि तुम्ही एन्ट्री देताना लिहिलेली एक-दोन वाक्यं. पहिला डेमो असेल तर तिथे तसं लिहा, लोक त्यावरच टाळ्या वाजवतात. मग दिवे कमी होतात.

माझा नंबर अकरावा होता. दहावा संपला तेव्हापासून मला आवाज ऐकू येईनासे झाले होते. स्लाइड आली, गेली, काळा पडदा, आणि मला नक्की वाटलं की डीएलएल परत गेली. मग पहिला सूर आला. घरी तो सूर मी शेकडो वेळा ऐकला होता पण खुर्चीच्या पायातून वर येताना कधी ऐकला नव्हता. पाणी दिसलं, ठिपके नव्हते. दीड मिनिटाला जिथे सगळं थांबून एकदम उजेड होतो तिथे माझ्या पुढच्या रांगेतल्या अनोळखी मुलाने शेजारच्याचा दंड धरला. मला बाकी काही आठवत नाही, तो हात आठवतो.

शेवटचा नंबर आला तर?

आला तर आला. माझा सोळात तेरावा आला आणि निकालानंतर तिघे जण पाण्याबद्दल विचारायला आले. पूए आणि डेमोझू या साइटवर प्रॉडची, म्हणजे तुम्ही केलेल्या कामाची, नोंद करा, तिथे लोक मतं लिहितात, काही रोखठोक असतात, पण नीट वाचलं तर कामाची गोष्ट सापडते. पार्टीत दिलेल्या आवृत्तीत काही चुका राहिल्या असतील तर एक-दोन आठवड्यांत दुरुस्त करून फायनल म्हणून टाका, घाईत राहिलेलं नीट करायची ही रूढ पद्धत आहे.

पार्टीनंतर सोर्स कोड खुला करू का? कोड फार घाणेरडा आहे.

करा. सगळ्यांचाच तसा असतो, डेडलाइनच्या रात्री कोणी सुबक लिहीत नाही. फारबराउशने २०१२ मध्ये आपली टूल्स खुली केली, फ्यूचर क्रूने 'सेकंड रिॲलिटी'चा कोड २०१३ मध्ये, वीस वर्षांनी, आणि तोही लोकांनी बसून वाचला. संगीत दुसऱ्याचं असेल तर ते टाकण्याआधी त्याला विचारा, पासवर्ड किंवा खासगी पत्ते राहिले नाहीत ना ते बघा, आणि बिल्ड कशी करायची त्या चार ओळी आत्ताच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाहीत.